मेलं असेल तरच ने

त्याला घरात सगळे झटपट म्हणायचे. हे नाव काकांनी ठेवलेलं, तो सहा वर्षांचा असताना, कारण हा पोरगा चपला पायात जायच्या आधीच अर्धा जिना उतरलेला असायचा. आता तो चोवीस वर्षांचा होता, स्वयंपाकघरातली कपाटं आणि ट्रॉल्या बनवणाऱ्या कारखान्यात प्लाय कापायच्या मशीनवर होता, दहाही बोटं अजून जागच्या जागी होती हे नशीबच म्हणायचं, आणि डोक्यात एकच खूळ होतं. घरात स्वतःचं गेम मशीन! म्हणजे तसलं नाही, टीव्हीला जोडायचं. उभं, माणसाएवढं, तिरक्या पडद्याचं, लाल गोळ्याच्या दांडीचं, दणादण बटणं हाणायचं, गेम पार्लरमध्ये असायचं ना, तसलं. आत मात्र जुनं काही नाही. तळहाताएवढं एक कॉम्प्युटर कार्ड, त्यात एम्युलेटर नावाचा एक प्रोग्राम, आणि तो प्रोग्राम जुन्या खेळांना असं काही बनवतो की त्या बिचाऱ्यांना वाटतं आपण आपल्याच जुन्या मशीनमध्ये आहोत. एका पेटीत शेकडो खेळ!

लाकूडकाम त्याच्या हातचा मळ होता. अख्खं खोकं तो दोन दिवसांत कापून उभं करू शकला असता. पण त्याला नवं नको होतं. कारण काकांकडे खरं होतं.

काकांनी बावीस वर्षं गेम पार्लर चालवलं होतं. अकरा मशीनं. मग लोकांच्या खिशात फोन आले, पार्लर ओस पडलं, दहा मशीनं गेली आणि एक काकांनी घरी आणलं, विमानांच्या लढाईचं. ते अडगळीच्या खोलीत उभं असायचं. तीन-चार महिन्यांतून एकदा काका काच पुसायचे, मशीन लावायचे, एकच डाव खेळायचे आणि बंद करायचे. काकू म्हणायच्या, "झाली वाटतं भेट." वर्षभरापूर्वी काकांच्या डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि त्या भेटीही थांबल्या.

झटपटने किती वेळा मागितलं असेल, मोजदाद नाही.

"काका, द्या ना. नुसतं उभंच आहे."

"उभं आहे म्हणजे आहे. चालत्या मशीनचं पोट फाडायचं नाही. आमच्या धंद्यात असं कोणी केलं ना, तर बाकीचे त्याच्या दुकानात चहासुद्धा प्यायचे नाहीत."

"आणि चालत नसेल तर?"

"मेलं असेल तरच ने. मग लाकूड तुझं, मी एक शब्द बोलणार नाही. पण आधी नीट तपास."

बस! झटपटला एवढंच ऐकायचं होतं, आणि त्यातलं 'नीट' तर त्याने ऐकलंच नाही.

काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते दहा दिवस लेकीकडे राहायला गेले, कारण दवाखाना तिथून जवळ. घरी काकू एकट्या. झटपटने सुट्टीच्या दिवशी गाठलं त्यांना, हातात स्क्रूड्रायव्हर, खिशात टेस्टर. आणि चार वाजताचा टेम्पो सांगून ठेवलेला. लक्षात घ्या, तपासायला निघालेला माणूस आणि टेम्पो आधीच सांगितलेला!

"अरे, चालत असलं तर टेम्पोवाल्याला काय सांगशील?" काकूंनी विचारलं.

"बघू की, काकू."

अडगळीच्या खोलीत मशीनच्या शेजारी कपडे धुवायचं यंत्र होतं, आणि मशीनच्या डोक्यावर काकूंच्या दोन ओल्या चादरी वाळत घातलेल्या. "बाहेर जागा कुठे आहे?" म्हणत त्यांनी चादरी उचलल्या. झटपटने मशीन भिंतीपासून ओढलं, आत उंदरांनी घर केलंय की काय म्हणून आधी मागचं दार उघडून बाजूला ठेवलं, प्लग लावला, वरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. नाही. फ्यूज काढून बघितला, तो धडधाकट. आत फुंकर मारली, कुठे काही हलवून पाहिलं, पुन्हा बटण. मिट्ट काळोख. ना आवाज, ना वास, ना गरम हवा. त्याच्या छातीत धडधडायला लागलं, आणि खरं सांगायचं तर ते दुःखाने नव्हतं.

तेवढ्यात खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. पाऊण तास लवकर आला होता मेला. आणि त्याच मिनिटाला काकांचा फोन.

"काय रे, बघितलंस?"

"मेलंय, काका."

"नक्की? फ्यूज?"

"ठीक आहे."

"मागचं दार लावून पाहिलंस ना?"

खाली हॉर्न. पीईईप.

"हो हो, सगळं पाहिलं."

"वर्षभरापूर्वी ठणठणीत होतं रे. असं कसं..."

पीईईप पीईईप. आणि मग झटपटने ते वाक्य टाकलं. कोणी विचारलं नव्हतं, गरज नव्हती, पण मेलंय म्हटल्यावर कशाने हेही सांगितलं की माणूस जाणकार वाटतो ना! लाकडातला माणूस, विजेतलं ओ की ठो कळत नाही, पण आवाज असा काढला जणू रोज चार मशीनं उघडतो.

"आत ओल गेलीय, काका. ओलीनेच मेलंय."

काका म्हणाले, "बरं. ने मग." आणि फोन ठेवला.

पुढचे तीन महिने झटपट हवेत होता. कारखान्यातून आला की हात धुवायच्या आधी मशीनशी. जुन्या पडद्याची जड काचेची नळी बाहेर काढली, जुनं सर्किट बोर्ड काढलं, तारांचा झुपका काढला, सगळं एका पोत्यात भरून भंगारवाल्याला दिलं. बाजूच्या फळीचा कोपरा फुगलेला होता, तो कापून तिथे नवा तुकडा असा बसवला की बोटाने चाचपून सांधा सापडू नये. कडेला काळी रबरी पट्टी ठोकली. एका ऑफिसने टाकून दिलेला चपटा मॉनिटर आणून आडव्याचा उभा केला. पॅनेलला बारा भोकं पाडली, बटणं बसवली, आणि प्रत्येक बटण दाबलं की आतला चिमुकला स्विच असा टिक् करायचा की त्याने मॉनिटर लावायच्या आधी अर्धा तास नुसती टिकटिक केली. ताई म्हणाली, "डॉक्टरला दाखवू का तुला?"

मग वायरिंग. बारा बटणांना प्रत्येकी एक रंगीत वायर, दांडीला चार दिशांच्या चार आणि सगळ्यांना गुंफत जाणारी एक काळी. पहिल्यांदा सुरू केलं तर दांडी वर केली की विमान डावीकडे जायचं, डावीकडे केली की खाली, आणि गोळी झाडायचं बटण दाबलं की खेळच बंद. ताईने पोट धरधरून हसून घेतलं. "विमान नाही रे हे, रिक्षा आहे!" दोन दिवस वायरी उलटसुलट केल्या, सेटिंगमध्ये एकेका बटणाची ओळख करून दिली, आवाज जुळवला, चालू केल्याबरोबर थेट खेळांची यादी यावी अशी सोय केली. मशीनच्या डोक्यावरची नावाची पाटी आतल्या दिव्याने उजळली त्या दिवशी हा माणूस खोलीतले दिवे बंद करून तिच्यासमोर पाटावर बसून जेवला.

आणि तिकडे? तिकडे काका-काकू बोलत नव्हते.

म्हणजे भांडण असं झालंच नव्हतं. काका लेकीकडून परत आले, अडगळीच्या खोलीत गेले, रिकाम्या जागेसमोर उभे राहिले, मग वळून म्हणाले, "ओल." बस, एक शब्द. काकू म्हणाल्या, "म्हणजे? माझ्या चादरींनी मेलं का तुमचं मशीन?" काका म्हणाले, "मी कुठे काय म्हटलं?" आणि त्यानंतर खरंच काही म्हणाले नाहीत. एकाच टेबलाशी बसायचे, पण बोलणं तिसऱ्यातर्फे. झटपट गेला की त्याच्यातर्फे.

"विचार तिला, माझा चष्मा कुठे ठेवलाय."

"सांग त्यांना, नाकावर आहे."

झटपटला आधी गंमत वाटायची. घरी येऊन ताईला नकला करून दाखवायचा. एकदा ताई हसली नाही. म्हणाली, "काकू काल फोनवर रडत होत्या. चाळीस वर्षांत एकदा वस्तू सांभाळायला दिली आणि मी भिजवली, असं म्हणत होत्या." झटपटचा चेहरा जरा उतरला. पण काय करणार, ओल ती ओल! हे त्याला तोवर पटलेलंही होतं. आपणच ठोकून दिलेली गोष्ट इतक्या वेळा ऐकली की ती आता आपली वाटत नव्हती.

मग तो दिवस आला, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीतला. मशीनमधून काढलेले बारीकसारीक तुकडे त्याने एका बरणीत ठेवले होते, त्यात एक पांढरा स्विच होता, अंगठ्याच्या पेराएवढा, स्प्रिंगवर आतबाहेर होणारा. मागच्या दाराच्या चौकटीवरून काढलेला. झटपटला वाटलं, झकास, दार उघडलं की आतला दिवा लागेल असं करू. कुठली वायर कुठे ते कळेना म्हणून कारखान्यातल्या वायरमनसमोर तो टेबलावर ठेवला.

वायरमन तोंडातला घास संपवत म्हणाला, "हा दिव्याचा नाही रे. हा जीव वाचवायचा. दार लावलं की दबतो आणि लाइन चालू. दार काढलं की सुटतो आणि लाइन बंद. कोणी आत हात घातला तर चिकटू नये म्हणून."

"म्हणजे दार उघडं असताना..."

"मशीन लागणारच नाही. दुरुस्तीला लावायचं असेल तर हा असा दोन बोटांनी बाहेर ओढायचा." त्याने ओढून दाखवला. टक्. "झालं. चालू. का रे? तुझा चेहरा का असा झाला?"

झटपटचा डबा तसाच राहिला.

दोन बोटं. दोन बोटांचं काम होतं. तेही नको, दार लावायचं होतं नुसतं! आणि काकांनी विचारलं होतं. शब्द तोच. दार लावून पाहिलंस ना? हो हो, सगळं पाहिलं.

त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भंगारवाल्याकडे पळत सुटला. भंगारवाल्याला पोतं आठवत होतं. "काचेची नळी? ती तर त्याच दिवशी फोडली, मान मोडून. बोर्ड गेले वितळवायला. तीन महिने झाले की राव. काय, सोनंबिनं होतं का त्यात?"

येताना झटपट स्वतःला सांगत होता, कदाचित खरंच मेलं असेल. वर्षभर बंद होतं. दार लावलं असतं तरी लागलं नसतं, कोणी सांगावं? हे 'कदाचित' त्याने असं धरून ठेवलं जसं बुडणारा फळकूट धरतो. पण लाकूडकाम करणाऱ्याला फळकूट कितपत तरेल ते कळतं. मेलं होतं की जिवंत होतं, हे आता कोणालाच कधी कळणार नव्हतं, आणि ते कळू नये याची सोय त्यानेच पोत्यात भरून केली होती.

तीन आठवडे तो गप्प राहिला. रोज ठरवायचा, आज सांगू. मग वाटायचं, आता सांगून काय मशीन परत येणार आहे? उगाच काकांना दुसऱ्यांदा त्रास. हा विचार इतका समंजस होता की त्याला त्याचीच शिसारी यायची. मशीन तर लावावंसंच वाटेना. लावलं की खेळ सुरळीत चालायचा, आणि ते सुरळीत चालणंच अंगावर यायचं. काकूंकडे जाणं टाळायला लागला. काकूंनी ताईजवळ निरोप दिला, "त्याला म्हणावं, तू येत नाहीस तर आमचं बोलणंच होत नाही." गंमत म्हणून दिलेला निरोप. झटपटने ऐकला आणि मोरीत जाऊन उगाचच नळ सोडून उभा राहिला.

शेवटी काकांनीच फोन केला. "अरे, दाखवणार आहेस की नाही तुझं यंत्र? रविवारी दुपारी येतो आम्ही." आम्ही म्हणाले. पण आले ते कसे, काका पुढे, काकू दहा पावलं मागे.

ताईने दार उघडलं. काका मशीनसमोर उभे राहिले, आणि झटपटने त्यांचा चेहरा पाहिला तर तिथे राग नव्हता, कौतुक होतं. हेच त्याला नको होतं. काकांनी बाजूच्या फळीवरून हात फिरवला, सांधा शोधला, सापडला नाही. "हात आहे हं तुझा." वरच्या पाटीकडे बघितलं. मग काकूंकडे न बघता ताईला म्हणाले, "सांग तिला, बैस म्हणावं."

"सांग त्यांना, मी बसलेलीच आहे."

झटपटने विमानांचा खेळ लावला. तोच, काकांचा. काका दांडीला हात लावून क्षणभर थांबले, मग खेळायला लागले. ऑपरेशन झालेला डोळा बारीक करून, खांदे तसेच, मनगट तेवढं हलतंय. बघत राहावं असं खेळत होते. मग म्हणाले, "किंचित उशिरा ऐकतंय रे. मी दाबतो, ते जरा विचार करतं. पण ठीक आहे. आमचं गेलं ते गेलं. काही वस्तूंना घरच मानवत नाही."

काकू पदराशी चाळा करत जमिनीकडे बघत होत्या.

"काका," झटपट म्हणाला, "ओलीने नव्हतं मेलं."

काका खेळतच होते. "मग?"

"मेलंच नव्हतं बहुतेक. मी मागचं दार काढून तपासलं. तिथे स्विच होता. दार काढलं की लाइन बंद. मला माहीत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी कळलं. ओलीचं मी मनाने सांगितलं. चादरींचा काही संबंध नाही."

सगळं एका दमात, नेहमीसारखं. काकांचे हात दांडीवरच होते, पण थांबलेले. पडद्यावर विमान एका जागी राहिलं आणि समोरून येणाऱ्याने त्याला उडवलं. धडाड. मग दुसरं आलं, तेही उडालं. तिसरंही उडालं.

काकू म्हणाल्या, "म्हणजे माझ्या चादरींनी नाही."

"नाही," काका म्हणाले. थेट. कोणातर्फे नाही.

"मग तसं म्हणा."

"म्हटलं ना."

"भिंतीला म्हटलंत. माझ्याकडे बघून म्हणा. चार महिने मी त्या खोलीत पाय टाकला नाही. कपडे हाताने धुतले."

काका वळले. हा माणूस आयुष्यभर पार्लरमधल्या टग्यांना कान धरून बाहेर काढायचा, पण आता चष्मा काढून काकूंसमोर उभा राहिला. "तुझ्यामुळे नाही गेलं," ते म्हणाले. "मी ऐकलं आणि धरून बसलो. माझं चुकलं."

"हं," काकू म्हणाल्या. एवढंच. पण पदर सोडला.

झटपट वाट बघत होता. आता येईल, आता फुटतील. त्याला ते हवं होतं. कानफटात बसली असती तरी चाललं असतं.

काका त्याच्याकडे वळले. "मी फोनवर विचारलं होतं. दार लावून पाहिलंस का."

"हो."

"तू हो म्हणालास."

"हो."

"ऐकलं नव्हतंस का नीट?"

इथे एक वाट होती. खाली टेम्पो हॉर्न वाजवत होता, नीट ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं असतं. अर्धं खरंही होतं. झटपटच्या जिभेवर आलंही.

"ऐकलं होतं," तो म्हणाला. "पण दार लावलं असतं आणि लागलं असतं तर मला ते मिळालं नसतं. मला ते मेलेलं हवं होतं, काका."

ताईने डोळे मिटून घेतले.

काकांनी मान हलवली, हळू, जणू हे त्यांना आधीपासून कुठेतरी माहीत होतं आणि आता फक्त पत्ता मिळाला. "मागचं दार उघड," ते म्हणाले. झटपटने स्क्रू काढून उघडलं. काका वाकले. आत प्रशस्त रिकामी पोकळी, तळाशी ते तळहाताएवढं कार्ड, दोन स्पीकर, व्यवस्थित बांधलेल्या रंगीत वायरी. बराच वेळ बघत राहिले.

"केवढी जागा मोकळी राहिली रे," ते म्हणाले आणि सरळ झाले.

"काका, बोला ना मला. शिव्या द्या."

"नाही देणार. शिव्या दिल्या की तू मोकळा होशील." ते रागाने म्हणाले नाहीत. साधंच म्हणाले. "चल गं, निघू."

"चहा तरी," ताई म्हणाली.

"पुन्हा कधी."

काकू उठल्या. दारापाशी येऊन झटपटजवळ थांबल्या. त्याला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवतील, नेहमी फिरवायच्या. त्यांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. "सांगितलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण तीन आठवडे तुला माहीत होतं. तीन आठवड्यांत मी त्या बादलीवर किती वाकले असेन, विचार कर जरा."

आणि गेल्या.

झटपट दारातच उभा. खाली जिन्यात दोघांचा आवाज येत होता. काका म्हणत होते, "हळू, पुढची पायरी तुटकी आहे." काकू म्हणत होत्या, "दिसतेय मला. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, माझ्या नाही." मग काका काहीतरी पुटपुटले आणि काकू म्हणाल्या, "मोठ्याने बोला, आता मधे कोणी नाहीये सांगायला." आवाज खाली खाली गेले. दोघं चालली होती बरोबर, पावलं ऐकू येत होती, एकाच वेळी पडणारी नव्हती, पण जवळजवळ होती.

बरं वाटायला हवं होतं. झालं की सगळं, बोलायला लागली ती! ताई म्हणालीही, "चला, एक गोष्ट तरी सुटली."

तो आत आला, मागचं दार उचललं, चौकटीत बसवलं आणि चारही स्क्रू एकेक करून शेवटपर्यंत पिळले. घाई न करता. पुढे पडद्यावर डाव संपल्यावरचा नमुन्याचा खेळ स्वतःशीच चालू होता, रिकाम्या आकाशात विमान सरळ जात होतं, कोणी न चालवता.